खवट तुपाचा वास

मार्च महिना होता, गळीत हंगाम संपत आला होता आणि लातूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या आवारात मळीपासून, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट काळसर पाकापासून, हायड्रोजन वायू बनवणारी आमची पन्नास लिटरची किण्वन टाकी नऊ दिवस सुरळीत चालून दहाव्या सकाळी जवळपास थांबली होती. गोबरगॅसच्या स्लरीला तासभर उकळी देऊन आम्ही तिचे विरजण केले होते. त्या उष्णतेत मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मरतात, तर क्लोस्ट्रिडियमचे जीवाणू टणक कवचाच्या बीजाणूंच्या रूपात तग धरतात आणि पुढे मळीतील साखर खाऊन हायड्रोजन सोडतात. त्या सकाळी मात्र उलट्या धरलेल्या नळकांड्यात मिनिटाला एखादाच बुडबुडा येत होता.

तापमान ३७ अंश होते आणि सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ वर स्थिर होता, त्यामुळे यंत्रांच्या आकड्यांवरून काहीच बिघडलेले दिसत नव्हते. मी वायूच्या नळीत गळती शोधत बसले होते. तेवढ्यात रात्रपाळी संपवून निघालेले मामा दारात थांबले आणि म्हणाले, "मॅडम, कालपर्यंत खवट तुपाचा वास यायचा, आज आंबलेल्या ताकाचा यायलाय."

या एका वाक्याने माझा शोध गळतीवरून जीवाणूंकडे वळला. खवट तुपाचा वास ब्युटिरिक आम्लाचा असतो आणि ते आम्ल तयार होताना हायड्रोजनही सुटतो. ताकातील लॅक्टिक आम्ल तयार होताना मात्र ग्लुकोजच्या एका रेणूपासून आम्लाचे दोन रेणू बनतात आणि हायड्रोजन मुळीच सुटत नाही. कॉस्टिक सोड्याची बाटली पाहिली तर ती नेहमीपेक्षा कितीतरी लवकर रिकामी झाली होती, म्हणजे आम्ल भरपूर बनत होते आणि पंप सोडा घालून सामू सावरत असल्यामुळे ते आकड्यांत दिसत नव्हते. सूक्ष्मदर्शकाखालीही क्लोस्ट्रिडियमच्या बीजाणू धरलेल्या फुगीर काड्या विरळ झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जीवाणूंच्या बारीक काड्यांची दाटी होती.

दोष विरजणात नव्हता, खाद्यात होता. दोन दिवसांपूर्वी पातळ केलेली मळी आम्ही उघड्या पिंपात ठेवली होती आणि मार्चच्या उन्हात ती पिंपातच आंबली होती. हा निष्काळजीपणा सर्वस्वी माझा होता. घट्ट मळी सहसा नासत नाही, पण तिच्यात पाणी पडले की जीवाणूंना रान मोकळे होते, हे पुस्तकात वाचलेले असूनही मी पिंपाकडे लक्ष दिले नव्हते.

टाकी रिकामी करून नवे विरजण घातले. त्या दिवसापासून मळी रोज ताजी पातळ करून, उकळून आणि निववूनच टाकीत जाते, आणि त्यासाठी रस आटवताना वाफेतून निघणारे कारखान्याचेच पाणी वापरले जाते. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे या कामासाठी बोअरचे पाणी उपसणे मला पटत नाही. उसाने आधीच पुष्कळ पाणी प्यालेले असते.

तिसऱ्या दिवशी बुडबुडे परतले. कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्यासाठी वायू कॉस्टिकच्या द्रावणातून सोडला आणि परीक्षानळीत थोडासा घेऊन पेटवला, तेव्हा 'फट्' असा ओळखीचा आवाज झाला. नोंदवहीत आता 'वास' असा एक रकाना आहे आणि तो बहुतेक वेळा मामाच भरतात.