डबा बदलला, गट तोच

बिस्पायरीबॅक हे तणनाशक मारून तीन आठवडे झाले, बाकीचं तण पिवळं पडून बसलं आणि धानात सावा (धानासारखं दिसणारं गवत) मात्र हिरवागार. लगेच साव्यात औषधाची प्रतिकारशक्ती आली म्हणू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी तर मुळीच नाही, कारण हे औषध हळू मारतं.

आधी फवारणी तपासा. सावा 2 ते 4 पानांवर होता का? फुटवे फुटल्यावर मारलं तर तो पुन्हा पालवतो. बांधीतलं पाणी काढलं होतं का? पान पाण्याखाली असेल तर औषध लागणार कुठे? 10 टक्के एससी एकरी 80 ते 100 मिली, सपाट फवाऱ्याचं नोझल, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा पाणी. यात चूक असेल तर सावा पट्ट्यापट्ट्याने किंवा सगळीकडे सारखा वाचतो. प्रतिकारक सावा वेगळा दिसतो: एक झाड मेलेलं, शेजारचं त्याच वयाचं जिवंत, आणि तो ठिपका दरवर्षी मोठा होत जातो.

खात्री हवी तर वाचलेल्या झाडांचं पिकलं बी आणि कधीच न फवारलेल्या जागेचं बी वेगवेगळं ठेवा. ताजं बी सुप्त असतं, त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत थांबा. मग कुंड्यांत उगवून तिसऱ्या पानावर फवारा. कुंड्या 10 चौरस मीटर जागेत पसरा, अर्ध्या लिटर पाण्यात 0.25 मिली औषध सिरिंजने मोजून घाला आणि ते सगळं त्या जागेवर एकसारखं संपवा. हे एकरी 100 मिलीचं प्रमाण झालं. 21 दिवसांनी दोन्हींची तुलना करा.

खरी गफलत पुढे होते. दुकानातून पेनॉक्ससुलम येतं. नाव नवं, पण तेही बिस्पायरीबॅकसारखंच तणाच्या वाढीला लागणारं एएलएस हे विकर (एन्झाइम) अडवतं. गट म्हणजे मारण्याची हीच पद्धत. पुसा बासमती 1979 आणि 1985 या वाणांवर चालणारं इमॅझेथापायरही त्याच गटातलं. सायहॅलोफॉप मात्र वेगळ्या गटाचं: 10 टक्के ईसी एकरी 300 ते 320 मिली, कोवळ्या साव्यावर. त्यात रुंद पानांच्या तणावरचं 2,4-डी मिसळू नका, गवतावरचा जोर कमी होतो. दोन्हींत आठवडाभर अंतर ठेवा.

पण नुसती गटांची अदलाबदल पुरत नाही. कॅलिफोर्नियाच्या भातशेतीतल्या एका सावा-जातीत औषध पचवून टाकणारी विकरंच जास्त तयार होतात, म्हणून ती एकाच वेळी अनेक गटांना दाद देत नाही. कधी न मारलेल्या औषधालाही असं झाड पुरून उरू शकतं. म्हणून सुरुवात उगवणीपूर्वीच्या औषधाने करा: रोवणीनंतर तीन दिवसांच्या आत प्रेटिलाक्लोर 50 टक्के ईसी एकरी 400 ते 600 मिली, बांधीत पाण्याचा पातळ थर असताना. नंतर उथळ पाणी टिकवा. आवत्या (रोवणी न करता थेट पेरलेल्या) धानात हे पाण्याचं हत्यार नसतं, सावा तिथेच जास्त माजतो.

पऱ्ह्यातून (रोवणीच्या रोपांतून) सावा आपणच बांधीत रोवतो, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पान खोडाला बिलगतं तिथे बघा: धानाला पांढरा पातळ पडदा आणि बारीक केसाळ शिंगं असतात, साव्याला दोन्ही नाहीत. पेंढी बांधतानाच तो बाजूला काढा. बांधीत वाचलेला सावा धान कापणीआधीच बी झाडतो, म्हणून लोंबी हिरवी असतानाच उपटा आणि बांधावर न टाकता शेताबाहेर न्या.