दुसरा रविवार

काल परत दुसरा रविवार होता म्हणजे आमच्या संगीत ट्रस्टच्या गाण्याच्या बैठकीचा दिवस. सकाळी सातला घरातून निघालो, मी आणि लेक, ठाण्यात नौपाड्यातून चालत दहा मिनिटांवर शाळेचा हॉल, पोचलो तेव्हा सतरंज्या घालणं चालू होतं आणि कोपऱ्यात ट्रस्टचे काका दोन तानपुरे खोळीतून काढत होते. मिरजेचे आहेत दोन्ही. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा काकांनी पेढे वाटले होते, जणू त्यांनीच बनवलेत.)

लेक चार वर्षं गाणं शिकतेय पण घरी तानपुरा मोबाईलमधलाच. काल काकांनी तिला हाक मारली, "ये गं, बस इथे. तार छेडत रहा." तिने छेडली, आवाज आला तो कोरडा, टणटण. मग काकांनी तारेखाली जवारीवर, म्हणजे तार जिथे टेकते त्या पट्टीवर, जो सुताचा दोरा असतो ना तो बोटाने अगदी केसभर सरकवला, "आता छेड", परत थोडा सरकवला, आणि एकदम तो आवाज उघडला, घुमायला लागला, असा की भोपळ्याला टेकलेल्या तिच्या हाताला पण तो जाणवला असणार कारण तिने दचकून माझ्याकडे बघितलं. "आई, हे ॲपमध्ये नाहीये." एवढंच बोलली. मग अर्धा तास तिथून उठलीच नाही.

हे सगळं लिहायचं कारण असं की परवा सोसायटीत कोणीतरी विचारलं, असे ट्रस्ट करतात तरी काय, वर्षातून एक कार्यक्रम आणि फोटो. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

हा आमचा ट्रस्ट अगदी छोटा आहे. एक गुरुजी होते, ते गेल्यावर क्लास बंद पडला, आणि त्यांच्या सात-आठ शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे घालून ट्रस्ट रजिस्टर केला. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, देणगीदाराला आयकर सवलतीची पावती, सगळं रीतसर. मुद्दलाला हात लावायचा नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नियम, एफडीच्या व्याजावर आणि वर्षभरात येणाऱ्या देणग्यांवर चालवायचं. त्यातून महिन्याची बैठक, तिकीट नाही, मोठा कलाकार असो की पहिल्यांदा गाणारा, मानधनाचं पाकीट प्रत्येकाला मिळतंच. फुकट गा असं कोणालाच सांगायचं नाही, हे मला फार आवडतं.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे ते कपाटातलं. हॉलच्या मागच्या खोलीत दोन कपाटं आहेत, त्यात तबला जोड्या, पेट्या (हार्मोनियम), एक पखवाज. ज्या मुलांना वाद्य विकत घेणं जमत नाही त्यांनी घरी न्यायचं, रजिस्टरमध्ये सही करायची, बस. डिपॉझिट नाही.

मागच्या पावसाळ्यात मी तिथे रजिस्टर लिहायला मदत करत होते तेव्हाची गोष्ट. लोकमान्य नगरचा एक मुलगा, सातवीतला असेल, वडलांबरोबर आला. वडील रिक्षा चालवतात, युनिफॉर्मवरच आले होते. मुलाच्या हातात जोडी क्रमांक ४, डग्ग्याची (जोडीतल्या डाव्याची) पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटलेली. मुलगा रडवेला, आणि वडलांनी खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या, "साहेब, किती होतील ते सांगा, कमी पडले तर पुढच्या आठवड्यात देतो." काकांनी डग्गा हातात घेतला, उलटा-पालटा करून बघितला, आणि म्हणाले, "अहो दादा, वाजवला म्हणून फाटली. सहा महिन्यांनी जशीच्या तशी आणली असती तर याला ओरडलो असतो मी." नोटा परत दिल्या. पुडी बदलून जोडी त्याच मुलाला परत गेली.

त्या पुडीचे पैसे कुठून येतात, हा खरा प्रश्न आहे. कंपन्यांचा पैसा असतो की. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करायचे आणि त्या कायद्याच्या यादीत कला-संस्कृती पण आहे. पण ट्रस्टने जिथे जिथे विचारलं तिथून बहुतेक एकच उत्तर आलं की मोठा कार्यक्रम करा, आम्ही त्याला पैसे देतो. मी त्यांना नावं ठेवत नाही, कार्यक्रम दिसतो, मोजता येतो. पण डग्ग्याची पुडी, पेटीचं ट्युनिंग, हॉलचं भाडं, सतरंज्यांची धुलाई याला कोणी पैसे देत नाही आणि याच्याशिवाय तो मोठा कार्यक्रम करणारा माणूस तयारच होत नाही. ते काम अशा ट्रस्टचं, आणि त्यासाठी दरवर्षी न चुकता येणारा थोडा पैसा लागतो, एकदाच येणारा खूप पैसा नाही.

मागे एका कामासाठी ट्रान्स हार्बर लोकलने वाशीला गांधर्व महाविद्यालय मंडळात (संगीताच्या परीक्षा घेणारी संस्था) गेले होते तेव्हा पण हेच डोक्यात होतं. मिरजेत गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर थेट लाहोरला जातात आणि ५ मे १९०१ ला तिथे गांधर्व महाविद्यालय काढतात, कोणा राजाच्या पदरी न राहता, लोकांच्या मदतीवर, कोणीही येऊन शिकावं म्हणून. पुढे मुंबईत मोठी इमारत उभी केली, ती कर्जापायी गेली. पलुसकर १९३१ मध्ये गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केलं. इमारत गेली पण शिकवणं थांबलं नाही. आज माझी लेक प्रवेशिका पूर्णची परीक्षा देते ती त्याच मंडळाची. विचार करा, लाहोरला सुरुवात होऊन सव्वाशे वर्षं झाली.

आणि आपलं ठाणं तर या बाबतीत जुनंच आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, वि. ल. भावे आणि मंडळींनी काढलेलं. गडकरी रंगायतन आलं १९७८ मध्ये. म्हणजे नाट्यगृहाच्या ८५ वर्षं आधी इथल्या लोकांनी स्वतःहून पुस्तकांची सोय केली होती.

बैठकीचा परिणाम दिसायला वेळ लागतो पण दिसतो. आमच्या पहिल्या बैठकांना वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी नातेवाईक. आता मागे उभं राहायची वेळ येते. समोरच्या गल्लीतले इस्त्रीवाले दादा दर वेळी येतात, भैरव राग ओळखतात. एक आजी फक्त तबला ऐकायला येतात, गायक विलंबितात (संथ लयीत) फार रमला तर चुळबुळ करतात, आणि द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झालं की मांडीवर ताल धरतात, तो चुकत नाही. ही माणसं उद्या गडकरीला तिकीट काढून जातात. मी बघितलंय.

काल मुख्य गाण्याच्या आधी पंधरा मिनिटं लोकमान्य नगरच्या त्या मुलाने सोलो वाजवला, त्रितालात, पेशकार मग कायदा (तबल्याच्या रचनांचे प्रकार). मधे एकदा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला गडबडला, काकांनी हाताने सम दाखवली, आला बरोबर जागेवर. वडील रिक्षा बाहेर लावून दारातच उभे होते, आत या म्हटलं तर मान हलवून नको म्हणाले. नंतर चहा पिताना मी रजिस्टर उघडलं. जोडी क्रमांक ४ पुढे परत केल्याची तारीख लिहायचा रकाना अजून कोराच आहे. काकांना विचारलं तर म्हणाले, "राहू दे ताई, तो चालू आहे ना."