तुम्ही विचारलंत म्हणून : जग्वारचे एक्सके इंजिन

जुन्या गाड्यांची इंजिने उघडणे, मोजणे आणि पुन्हा बांधणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, ओळख झाली की बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात : "एवढी इंजिने हाताखालून गेली, त्यांतले तुमचे सर्वांत आवडते कोणते?" विंटेज गाड्यांच्या रॅलीत उघड्या बॉनेटभोवती जमलेले विद्यार्थी विचारतात, तसेच स्वतःची गाडी दुरुस्तीला घेऊन आलेले मालकही विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे. जग्वारचे सहा सिलिंडरांचे एक्सके इंजिन. अनेकांना फेरारीचे नाव अपेक्षित असते, त्यामुळे पुढचा प्रश्न "ते का?" हा असतो, आणि त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येण्याजोगे नाही.

फेरारीच्या व्ही-१२ इंजिनाबद्दल मला मनापासून आदर आहे. जोआकिनो कोलंबो यांनी आखलेले हे इंजिन १९४७ मध्ये पहिल्यांदा धावले, तेव्हा बाराही सिलिंडर मिळून त्याची क्षमता जेमतेम दीड लिटर होती, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला १२५ सीसीसुद्धा येत नव्हते. इतके छोटे पिस्टन आणि इतका आखूड स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, असल्यामुळे ते ज्या सहजतेने मिनिटाच्या वरच्या फेऱ्यांना चढते, ते ऐकणाऱ्याच्या कायम लक्षात राहते. अमेरिकेतील शौकीन १९५५ च्या शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ चे नाव घेतात, आणि आटोपशीर, स्वस्त व कुठेही सुटे भाग मिळणारे इंजिन म्हणून ते योग्यच आहे. १९६७ मध्ये नेदरलँड्समधील झांडफूर्टला पहिल्याच शर्यतीत चालक जिम क्लार्कला विजय मिळवून देणारे आणि पुढे फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकणारे कॉसवर्थ डीएफव्ही तर शर्यतीच्या इतिहासात अढळ आहे. परंतु ते शर्यतीसाठीच जन्मले आणि शर्यतीतच राहिले. एक्सकेचा प्रवास नेमका उलट झाला. ते घरगुती सलून गाडीसाठी आखले गेले आणि तिथून शर्यतीत जाऊन जिंकले. माझ्या पसंतीचे मूळ या उलट प्रवासात आहे.

या इंजिनाची आखणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉव्हेंट्रीत झाली. नोव्हेंबर १९४० मधील बॉम्बहल्ल्याने ते शहर उद्ध्वस्त झाले होते, आणि कारखान्यांवर आगीचे बॉम्ब पडल्यास ते तातडीने विझवता यावेत म्हणून कर्मचाऱ्यांना रात्रपाळीने पहारा द्यावा लागत असे. त्या वेळी कंपनीचे नाव एसएस कार्स होते. तिचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली या आपल्या अभियंत्यांच्या पाळ्या एकत्र येतील अशी व्यवस्था केली, आणि पहाऱ्याच्या त्या रात्री युद्धानंतरच्या इंजिनाच्या चर्चेत गेल्या. तोवर कंपनी स्टँडर्ड मोटर कंपनीच्या इंजिनांवर अवलंबून होती. लायन्स यांना पूर्णपणे स्वतःचे इंजिन हवे होते. ते शंभर मैलांच्या वेगाने मोठी सलून गाडी नेऊ शकेल, बरीच वर्षे जुने वाटणार नाही, आणि बॉनेट उघडल्यावर देखणे दिसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ही शेवटची अपेक्षा अनेकांना वरवरची वाटते, मला वाटत नाही. सुंदर दिसायला हवे असलेल्या यंत्राच्या कास्टिंगवर आणि पॉलिशवर जी मेहनत घेतली जाते, तिचा परिणाम कारागिराच्या बाकीच्या कामावरही होतोच.

आपल्याकडे पूर्वी कुर्ल्याला तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीचे टॅपेट कव्हर ज्यांनी कधी उघडले असेल, त्यांना त्याखालची रॉकरची रांग आठवेल. त्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य भागात) बसतो आणि पुशरॉड व रॉकर यांच्यामार्फत वरचे व्हॉल्व्ह उघडतो. ही मांडणी मजबूत आणि स्वस्त असते, पण मध्ये इतके हलते भाग असल्यामुळे फेरे वाढले की ती मागे पडू लागते. एक्सकेमध्ये दोन कॅमशाफ्ट थेट हेडवर, म्हणजे ब्लॉकच्या वर बसणाऱ्या भागावर, आहेत, एक इनलेट व्हॉल्व्हसाठी आणि एक एक्झॉस्टसाठी. व्हॉल्व्ह एकमेकांशी ७० अंशांचा कोन करून अर्धगोल ज्वलनकक्षात उघडतात, त्यामुळे मोठे व्हॉल्व्ह बसवता येतात आणि मिश्रणाला आत शिरायला मोकळी वाट मिळते. या हेडमधून हवा कशी वाहावी याचे काम हॅरी वेस्लेक यांनी केले. १९४० च्या दशकात अशी मांडणी महागड्या आणि शर्यतीच्या गाड्यांपुरती मर्यादित होती, कारण ती बनवायला खर्चीक आणि आवाजाला कर्कश समजली जात असे.

हे इंजिन एकाच वेळी सुचले नाही. आधी चार सिलिंडरांची प्रायोगिक इंजिने बांधून तपासली गेली, आणि त्यांतील एका इंजिनातील आडव्या पुशरॉडची रचना आवाज फार करते म्हणून सोडून देण्यात आली. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा बदल. सहा सिलिंडरांचे इंजिन प्रथम ८३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९८ मिलिमीटर स्ट्रोक असे, म्हणजे सुमारे ३.२ लिटरचे बांधले होते. ते ताकदवान होते, पण कमी फेऱ्यांवर त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पुरेसा पडत नव्हता, म्हणून स्ट्रोक १०६ मिलिमीटरपर्यंत वाढवण्यात आला आणि क्षमता ३४४२ सीसी झाली. शर्यतीचा विचार पहिला असता, तर कोणताही अभियंता स्ट्रोक वाढवायला सहजासहजी तयार झाला नसता. मिनिटाला ५५०० फेऱ्यांना या इंजिनातील पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटरच्या पुढे जातो, तर ५८.८ मिलिमीटर स्ट्रोकची तीन लिटरची फेरारी ७००० फेऱ्यांनाही १४ मीटरच्या आत राहते. तरीही हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरचे फेरे सोडून खालचा टॉर्क निवडला, कारण गाडी चालवणारा गृहस्थ चौकातून निघताना आणि घाट चढताना इंजिनाकडे काय मागतो हे त्यांना ठाऊक होते. त्या लांब स्ट्रोकला पेलण्यासाठी त्यांनी सात मेन बेअरिंग आणि जवळपास ७० मिलिमीटर व्यासाचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) असलेला भक्कम क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणारा मुख्य दांडा, दिला.

१९४८ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात हे इंजिन एक्सके १२० या स्पोर्ट्स गाडीत दिसले, तेही नवी सलून गाडी तयार व्हायला वेळ होता म्हणून. १६० अश्वशक्तीच्या या गाडीने पुढच्या वर्षी बेल्जियममधील याबेकेच्या महामार्गावर ताशी १३२ मैलांहून अधिक वेग नोंदवला. ऑगस्ट १९५२ मध्ये फ्रान्समधील माँलेरीच्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉस, लेस्ली जॉन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक्सके १२० कूपे सात दिवस आणि सात रात्री चालवून सरासरी ताशी १०० मैलांच्या वर ठेवली. ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत १९५१ आणि १९५३ मध्ये जग्वारची सी-टाइप, तर १९५५, १९५६ आणि १९५७ मध्ये डी-टाइप ही शर्यतीची गाडी पहिली आली. त्यांपैकी १९५५ ची शर्यत ऐंशीहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या अपघातामुळे लक्षात राहिली, आणि तिच्या विजयाचा उल्लेख त्या दुःखाशिवाय करू नये असे मला वाटते. १९५६ मध्ये मात्र एक विलक्षण योग जुळून आला. त्याच वर्षी जग्वारच्याच मार्क सेव्हन या भारदस्त सलून गाडीने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. ल मां जिंकणारी डी-टाइप आणि चामड्याच्या सीटची ती जडशीळ सलून यांच्या बॉनेटखाली एकाच घराण्याचे इंजिन होते.

कारागीर म्हणून मला हे इंजिन का आवडते, ते टॅपेटचे काम करताना समजते. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये टॅपेट बसतो, आणि या इंजिनात कॅम व टॅपेट यांमधला गॅप स्क्रू फिरवून जुळवता येत नाही. फीलर गेजने बाराही व्हॉल्व्हचे गॅप मोजून कागदावर लिहायचे, मग कॅमशाफ्ट काढायचा, पेल्यासारखा टॅपेट चुंबकाने वर ओढायचा आणि त्याखालची छोटी गोल चकती, म्हणजे शिम, पुसून तिच्यावरचे अक्षर वाचायचे. इंग्रजी ए ते झेड अशी ही अक्षरे असतात. ए म्हणजे ८५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जाडी, आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला एक थाऊ वाढत जाऊन झेडला ११० थाऊ होते. सर्वसाधारण कॅमसाठी इनलेटला चार आणि एक्झॉस्टला सहा थाऊ गॅप हवा असतो. इनलेटचा गॅप सहा भरला आणि खाली एच असेल, तर दोन अक्षरे पुढची जे बसवायची. ज्यांनी हे आखले त्यांनी चेनचाही विचार केला आहे. कॅमशाफ्ट काढला तरी त्याचे स्प्रॉकेट चेनसकट आपल्या ब्रॅकेटवर टांगलेले राहते, त्यामुळे टायमिंग पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागत नाही. फक्त स्प्रॉकेट सुटे असताना क्रँक किंवा कॅम फिरवायचा नाही, एवढे पथ्य कसोशीने पाळावे लागते, कारण व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून वाकतात. काम किचकट आहे, पण एकदा नीट झाले की हजारो किलोमीटर पुन्हा पाहावे लागत नाही.

त्याचे दोषही सांगायला हवेत. ओतीव लोखंडाचा ब्लॉक असल्यामुळे ते जड आहे. मागच्या मेन बेअरिंगच्या दोरीच्या सीलमधून ते तेल गाळते. जग्वारची ३.८ लिटरची ई-टाइप ही स्पोर्ट्स गाडी वाहनांच्या गर्दीत तापते, आणि आपल्या उन्हाळ्यात हा त्रास अधिकच जाणवतो. याहून मोठे नुकसान मात्र आपल्या सवयीमुळे होते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी घातलेल्या इंजिनाचे हेड काढले, की ॲल्युमिनियममधील पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्लेल्या, भुसभुशीत झालेल्या आणि पांढऱ्या भुकटीने भरलेल्या दिसतात. असे हेड वेल्डिंग करून आणि पुन्हा सपाट करून वाचवता येते, पण दर वेळी नाही. आपल्यापैकी जे ही गाडी सांभाळत असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की योग्य कूलंट वेळेवर बदलावे.

इंजिन किती काळ उपयोगी राहिले, हाही माझ्या दृष्टीने त्याच्या गुणवत्तेचा भाग आहे. १९६८ ची एक्सजे-६ याच घराण्यातील इंजिनावर धावली, ब्रिटिश सैन्याच्या स्कॉर्पियन या हलक्या रणगाड्याला ४.२ लिटरचे इंजिन कॉम्प्रेशन कमी करून सुमारे १९० अश्वशक्तीवर बसवले गेले, आणि लग्नांना व अंत्ययात्रांना वापरल्या जाणाऱ्या डेमलर डीएस ४२० लिमोझिनमध्ये ते १९९२ पर्यंत राहिले.

यानंतर विचारले जाते की ३.४, ३.८ आणि ४.२ यांपैकी कोणते घ्यावे. ४.२ करताना बोअर ९२ मिलिमीटरपर्यंत वाढवायचा होता आणि ब्लॉकची लांबी तीच ठेवायची होती, म्हणून कडेचे सिलिंडर बाहेर आणि मधले दोन जवळ सरकवले गेले, तर हेडमधील ज्वलनकक्षांची अंतरे पूर्वीचीच राहिली. त्यामुळे त्यांत बोअर आणि ज्वलनकक्ष तंतोतंत समोरासमोर येत नाहीत, आणि सिलिंडरांमध्ये भेगा पडलेले ब्लॉकही मुख्यतः याच आकाराचे असतात. टॉर्क ४.२ चा सर्वांत चांगला, आणि रोज गाडी चालवणाऱ्याने तोच घ्यावा. ३.८ सर्वांत तडफदार आहे, हेही मान्य. पण मला स्वतःसाठी निवडायचे झाले, तर मी ३.४ निवडेन, कारण १०६ मिलिमीटर स्ट्रोक ज्या बोअरसाठी ठरवला गेला तो बोअर त्याचा आहे, भिंती जाड आहेत, आणि पुन्हा बोअर करायला त्यात अजून लोखंड शिल्लक असते.