तुम्ही विचारलंत म्हणून : गाण्यासाठी वेगळा डबा कशाला?

मिरजेच्या घरी आईच्या खोलीत खिडकीखाली एक सागवानी डबा आहे. पुढच्या बाजूला दोन गोल खुंट्या आणि एक हिरवा दिवा. पडदा नाही, रिमोट नाही. मागून दोन तारा जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जातात. घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण थोडा वेळ गाणं ऐकतो आणि मग मला विचारतो, "अहो, फोन आहे, लॅपटॉप आहे, मग गाण्यासाठी हे वेगळं यंत्र कशाला बनवलंत? आणि कॉम्प्युटर न लावता ते वाजतं कसं?" चहा होईपर्यंतच्या वेळात याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथं लिहितो.

सुरुवात एका सांध्यापासून झाली. आई तरुणपणी बारा वर्षं गाणं शिकली. आता दृष्टी अधू झाली आहे, कान मात्र शाबूत आहेत. तिच्या सीड्या मी फोनवर एमपी3 करून दिल्या होत्या. ख्यालाच्या सीडीवर पुष्कळदा बडा ख्याल, म्हणजे संथ विलंबित, हा एक ट्रॅक असतो आणि छोटा ख्याल, म्हणजे जलद द्रुत, पुढचा. गाणारा मध्ये थांबलेला नसतो. विलंबित समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतं, द्रुताचा मुखडा उचलला जातो आणि तंबोरा अखंड चालू असतो. सीडीवर तिथं फक्त खूण असते, आवाज कुठं तुटत नाही. फोनवर मात्र त्या जागी क्षणभर काहीच ऐकू येईना. आई म्हणाली, "यांनी तंबोरा खाली का ठेवला रे?"

कारण शोधलं तेव्हा कळलं ते असं. डिजिटल आवाज म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेल्या मापांची, नमुन्यांची, रांग. एमपी3 ती 1,152 नमुन्यांच्या ठोकळ्यांत बांधतं. ट्रॅक संपताना शेवटचा ठोकळा अर्धाच भरला असेल, तर उरलेली जागा शांततेनं भरली जाते. ट्रॅकच्या सुरुवातीलाही थोडी शांतता घुसते. ही भर किती आहे याची नोंद फाइलमध्ये असली आणि प्लेअरनं ती वाचली, तर ती कापता येते. नाहीतर विलंबित आणि द्रुताच्या मध्ये भोक पडतं. ते सेकंदाच्या काही शतांशांचंच असतं, पण तंबोऱ्याच्या नादात तेवढंही ऐकू येतं.

सीडीवर एका सेकंदाला डाव्या आणि उजव्या अशा प्रत्येक बाजूचे 44,100 नमुने असतात, प्रत्येक नमुना 16 बिटांचा. दोन्ही बाजू मिळून सेकंदाला 1,76,400 बाइट. 'लॉसलेस' म्हणजे यातला एकही बाइट न गमावता ठेवणं. वाव फाइलमध्ये ते जसेच्या तसे असतात. फ्लॅकमध्ये घडी घालून ठेवलेले असतात, उलगडले की पुन्हा मूळचेच मिळतात. फ्लॅक तर मूळ आवाजाची एमडी5 खूणही फाइलमध्ये सांभाळतं, त्यामुळं काही बदललं का ते ताडून बघता येतं. चांगल्या दर्जाचं एमपी3 आणि मूळ सीडी यांतला फरक मला स्वतःला बहुतेक वेळा ओळखता येत नाही. पण सेकंदाला 128 किलोबिटांच्या एमपी3 फाइलीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती घुमणारी झणझण, पाण्यात बुडाल्यासारखी होते आणि टाळ्यांचा फेस होतो, हे कुणालाही ऐकवून दाखवता येईल. ज्या गावात जवारी काढणारे कारागीर दिवसभर तारेखालचं सूत केसभर इकडंतिकडं सरकवत बसतात, त्या मिरजेतल्या घरासाठी एवढी तडजोड मला करायची नव्हती.

मग पहिला प्रयत्न. तळहाताएवढा एका पाटीचा कॉम्प्युटर आणला, त्यावर म्यूझिक प्लेअर चढवला. आवाज उत्तम होता. पण चालू केल्यावर अर्धा मिनिट वाट बघावी लागे, आणि बंद करण्याआधी त्याला तसं सांगावं लागे. आई कुठलीही वस्तू भिंतीवरच्या बटणानं बंद करते, आयुष्यभर रेडिओ तसाच बंद केला. शिवाय मध्येच वीज जाते ती वेगळीच. कॉम्प्युटर त्याच्या मेमरी कार्डावर सतत काहीबाही लिहीत असतो. लिहिता लिहिता वीज गेली आणि तिसऱ्या आठवड्यात कार्ड बिघडलं. आईला वाटलं, आपल्याच हातून काही चुकलं. ते मला फार लागलं. त्या दिवशी ठरवलं की यात कॉम्प्युटर नको. बटण दाबलं की गाणं, बटण बंद की शांत, आणि कार्डावर कधीही काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं.

आता या डब्यात आहे तो एसटीएम32एफ411 हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारी एक छोटी चिप. त्यालाही प्रोसेसर आहे, म्हणून कुणी त्याला छोटा कॉम्प्युटर म्हटलं तर मी वाद घालत नाही. पण त्यात ऑपरेटिंग सिस्टिम नाही. माझ्या प्रोग्रॅमच्या नऊशे ओळी आणि कार्डावरच्या फाइली वाचणारी फॅटएफएस ही मोफत लायब्ररी, एवढंच त्यात चालतं. वीज आली की एका सेकंदाच्या आत आवाज येतो. आणि खरं तेच सांगतो : प्रोग्रॅम लिहायला आणि सीड्यांच्या वाव फाइली करायला मला कॉम्प्युटर लागलाच. ऐकताना मात्र तो कुठंच नसतो. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळाले. एक भाग मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून आणला. डबा सोडला तर सगळं दोन हजारांच्या आत बसलं.

रचना साधी आहे. एसडी कार्डावर फाइली. मायक्रोकंट्रोलर त्या वाचून नमुने डॅककडं पाठवतो, आणि डॅक म्हणजे पीसीएम5102ए ही चिप त्या आकड्यांचा आवाज करते. दोघांमध्ये आयटूएस नावाचा मार्ग, फिलिप्सनं 1986 मध्ये आखून दिलेला. त्यात एका तारेवर बिटांचा ठेका, दुसरीवर डावं की उजवं, तिसरीवर खुद्द नमुने. पहिल्या दोन संध्याकाळी मला काहीच ऐकू आलं नाही. सगळे सोल्डर पुन्हा तपासले. अखेर कळलं की डॅकची आवाज बंद ठेवणारी एक पिन असते, ती 3.3 व्होल्टला जोडल्याशिवाय चिप तोंडच उघडत नाही.

खरी मेहनत वाचण्यातली. डॅकला दर सेकंदाला 44,100 जोड्या हव्यात म्हणजे हव्यातच, अगदी समान अंतरानं. कार्ड मात्र लहरी. बहुतेक वेळा मागाल तेव्हा देतं, पण मध्येच आतली आवराआवर करायला थांबतं, आणि नियमानुसार त्याला एका वाचनासाठी 100 मिलिसेकंदांपर्यंत वेळ घ्यायची मुभा आहे. तेवढ्या वेळात डॅक 17,640 बाइट संपवतो. म्हणून मध्ये साठा ठेवायचा. आजोळच्या विहिरीवर रहाटगाडगं होतं. बैल जरा थबकला तरी वर आलेल्या गाडग्यांतलं पाणी पाटात पडत राही. अगदी तसंच इथं केलं. 64 किलोबाइटची गोल साखळी, एका बाजूनं कार्ड भरतं, दुसऱ्या बाजूनं डॅक रिकामी करतो. त्यात साधारण 370 मिलिसेकंदांचं गाणं मावतं. तेव्हापासून एकदाही खंड पडलेला नाही.

आणि इथंच तो सांधा जुळवायचा होता. विलंबिताची फाइल संपली की उरलेल्या गाडग्यांत शून्य भरायचं नाही. द्रुताची फाइल आधीच उघडून ठेवायची आणि तिचा पहिला नमुना विलंबिताच्या शेवटच्या नमुन्याला लागून टाकायचा. वाटलं, झालं. वाजवून पाहिलं तर भोक गेलं होतं, पण नेमक्या त्या जागी 'टक्' असा बारीक आवाज येत होता. वाव फाइलच्या सुरुवातीला 44 बाइटांचं मथळ्याचं पान असतं असं सगळीकडं सांगतात, म्हणून मी डोळे झाकून 44 बाइट सोडत होतो. पण कित्येक फाइलींत त्या पानानंतर कलाकाराचं नाव, रागाचं नाव असा मजकूर घातलेला असतो, आणि माझा डबा ती अक्षरं आवाज समजून वाजवत होता. फाइल तुकड्या-तुकड्यानं वाचायची, 'डेटा' ही खूण सापडेपर्यंत पुढं जायचं, आणि तिथं लिहिलेली लांबी संपली की थांबायचं, हे त्या 'टक्'नं शिकवलं. दुसऱ्या दिवशी आईला तोच ख्याल लावून दिला. सांधा आला, गेला. ती काही बोलली नाही, मांडीवर हात ठेवून ठेका धरून होती.

गुणगुणीचा शोधही तिनंच लावला. ट्रान्सफॉर्मर मी डॅकच्या शेजारीच बसवला होता. माझ्या कानाला सगळं स्वच्छ वाटत होतं. ती म्हणाली, "तंबोरे दोन आहेत, पण मागं कुणीतरी तिसरंच गुणगुणतंय, आणि ते सुरात नाही." विजेची 50 हर्ट्झची गुणगुण होती ती. ट्रान्सफॉर्मर डब्याबाहेर काढून वेगळ्या पत्र्याच्या डबीत ठेवला, तेव्हा ते तिसरं माणूस गेलं.

दोन खुंट्यांपैकी एक आवाजाची. दुसरीबद्दल मला जास्त सांगायचंय. आईला यादी वाचता येत नाही, म्हणून गाणी निवडायची कशी हा प्रश्न होता. मी पडद्याचा, मोठ्या अक्षरांचा, बोलणाऱ्या मेनूचा विचार करत बसलो होतो. तिनंच विचारलं, "आत्ता कुठला प्रहर आहे ते कळलं म्हणजे पुरे नाही का?" दुकानात बारा घरांचा रोटरी स्विच मिळतो. त्याची कडी सरकवून आठच घरं चालू ठेवली. आठ घरं म्हणजे आठ प्रहर, आणि कार्डावर आठ फोल्डर. पहिल्यात भैरव, मग तोडी, भर दुपारी सारंग, त्यानंतर भीमपलास आणि मुलतानी, दिवेलागणीला मारवा, पूरिया, यमन, रात्री बिहाग, बागेश्री, उशिरा मालकंस आणि दरबारी, पहाटेला ललत. खुंटीला घर बदलताना ठळक 'कट्' लागतं, त्यामुळं बोटांनी मोजता येतं. पूर्ण डावीकडं नेली की सकाळ. सारंग ऐकायचा तर ती दोन कट् पुढं जाते.

वीज गेल्यावर पुन्हा सुरुवातीपासून ऐकायचं का? कार्डावर लिहायचं नाही हा नियम मोडायचा नव्हता. या मायक्रोकंट्रोलरमध्ये 80 बाइटांची एक छोटी जागा असते, ती घड्याळातल्यासारख्या बटण-सेलवर जिवंत राहते. कुठली फाइल आणि कितव्या बाइटवर आहोत, एवढं तिथं दर सेकंदाला नोंदतो. आधी मी नेमका तिथूनच आवाज सुरू करत होतो. आईला ते पटेना. "मध्येच कुठंतरी टाकलंस, सम कुठं आली कळत नाही." विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभराचं असू शकतं. म्हणून आता डबा 60 सेकंद मागं जातो, म्हणजे 1,05,84,000 बाइट, आणि तिथून हळूहळू आवाज चढवत येतो. एक सम तरी पदरात पडते.

फ्लॅक का नाही, असंही काही जण विचारतात. ही चिप फ्लॅक सहज उलगडू शकते. पण 32 जीबीच्या कार्डावर वाव फाइलींचे 50 तास बसतात आणि आईचा संग्रह सध्या 40 तासांच्या आसपास आहे. गरज नसताना मध्ये आणखी एक काम कशाला घालायचं? घरच्या हार्ड डिस्कवर मात्र सगळं फ्लॅकमध्ये ठेवलंय.

आणि कॉम्प्युटरपेक्षा याचा आवाज चांगला आहे का? तोच डॅक लॅपटॉपला जोडून मी शेजारी शेजारी ऐकलं आहे, मला वेगळं काही ऐकू आलं नाही. ठेका मोजण्यासाठी मी 22.5792 मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक गतीनं ठोके देणारा तुकडा, लावला, कारण त्याला 512 नं भागलं की बरोबर 44,100 येतात. चिपच्या स्वतःच्या घड्याळातून अगदी तेवढेच काढता येत नव्हते, जवळपासचे निघत होते. तो फरकही कानाला कळण्याजोगा नव्हता. मला तो हिशेब पुरा हवा होता, म्हणून केला.

पण त्याच ऑसिलेटरमुळं एक काम राहून गेलंय. आईच्या गुरूंच्या घरच्या बैठकीच्या सात कॅसेट होत्या. त्या मी फार पूर्वी भरून घेतल्या, तेव्हा सेकंदाला 48,000 नमुन्यांनी. त्या या डब्यात घातल्या तर तो त्या 44,100 नंच वाजवतो, आणि सगळं गाणं हार्मोनियमच्या जवळजवळ दीड पट्टीनं खाली उतरतं. आईनं पहिल्या आलापालाच ओळखलं, "गुरुजी इतक्या खाली कधीच गायले नाहीत." त्या फाइली 44,100 मध्ये बदलून देणं सोपं आहे, पण मूळ नमुन्यांना मला हात लावायचा नाही. त्यासाठी 24.576 मेगाहर्ट्झचा दुसरा ऑसिलेटर हवा आणि फाइल बघून दोघांतला एक निवडायची सोय हवी. बोर्डावर त्याची जागा मी आखून ठेवली आहे. तुकडा आणलाय, दिवाळीला मिरजेला जाईन तेव्हा बसवीन.