आधी जागा ठरवा, मग कार सीट घ्या

जर्मनीत मूल होणार म्हटलं की पाळण्याच्या आधी गाडीतल्या सीटची खरेदी होते. दवाखान्यातून बाळाला गाडीने घरी न्यायचं तर ते सीटमध्येच असायला हवं. तिथून पुढे मूल १२ वर्षांचं किंवा १५० सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, त्याच्या मापाची सीट लागतेच. इथे स्टुटगार्टला शेजारीपाजारी कुणी यावर वाद घालत नाही. पुण्यात मात्र भावाच्या घरी गेले काही दिवस हाच विषय चालू आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्याचा मुलगा दीड वर्षाचा, माझी मुलगी दोन वर्षांची. त्याने फोनवर विचारलं, "ताई, कुठल्या कंपनीची सीट घेऊ?" मी त्याला कंपनी सांगितली नाही. गाडीत सीट नेमकी कुठे बसवणार, ते आधी ठरव म्हटलं. महागातली सीट सैल बसली तर तिचा उपयोग नाही, आणि साधी पण प्रमाणित सीट घट्ट बसली तर ती आपलं काम चोख करते.

पुढची सीट विचारातच घ्यायची नाही. मागे तोंड करून बसवायची सीट चालू एअरबॅगसमोर ठेवली, तर फुगणारी एअरबॅग थेट मुलाच्या डोक्यामागच्या भागावर आदळते आणि त्यात मुलाचा जीव जाऊ शकतो. पुढची एअरबॅग बंद करायची सोय सगळ्या गाड्यांत नसते. तेव्हा मूल मागेच बसवायचं.

मागे तीन जागा. दोन्ही दारांपासून लांब असल्यामुळे मधली सगळ्यात सुरक्षित मानतात, आणि ते खरंही आहे, पण सीट तिथे घट्ट बसत असेल तरच. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांत मधली जागा अरुंद आणि उंचवट्याची असते, आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या तिथे नसतात, आणि जुन्या गाडीत तर फक्त कमरेचा पट्टा असतो. मग उरतात कडेच्या दोन. त्यातली पुण्यासाठी डावी. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे फूटपाथ डाव्या हाताला. कर्वे रोडवर गाडी थांबवून मुलाला उतरवताना मागून येणाऱ्या दुचाकींच्या बाजूचं दार उघडावं लागत नाही. इथे जर्मनीत वाहतूक उजवीकडून असल्यामुळे आमची सीट उजवीकडे आहे.

आता आयसोफिक्स. गाडीच्या मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात, त्या खाचेत दोन लोखंडी कड्या असतात. मुलाच्या सीटचे दोन हात त्यांत जाऊन 'खट्' असा आवाज करतात आणि लाल खूण हिरवी होते. भाऊ म्हणाला, आमच्या गाडीत कड्याच नाहीत. होत्या! शोरूमबाहेर शिवून घेतलेल्या सीट कव्हरखाली त्या झाकल्या गेल्या होत्या. तुमच्याही गाडीत आधी कव्हरखाली हात घालून बघा.

कड्यांवर नुसती अडकवलेली सीट धक्क्यात पुढे कलंडू शकते, म्हणून तिसरा आधार लागतो. काही सीटना पुढे टेकूचा पाय असतो, काहींना वरून मागे जाणारा पट्टा, ज्याला टॉप टेदर म्हणतात. टेकूचा पाय गाडीच्या कडक तळावर टेकायला हवा. जाड, फोमसारख्या मॅटवर ठेवला तर तो दबतो, म्हणून तेवढ्या भागातली मॅट काढायची. पायाखालच्या तळात सामानाचा कप्पा असेल तर गाडीचं पुस्तक उघडून बघायचं. टॉप टेदरची कडी बहुतेक हॅचबॅकमध्ये मागच्या सीटच्या पाठीवर, डिकीच्या बाजूने असते. सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर तिथे हात पोचतो का, हे सीट घेण्याआधी पाहा. डिकीत सामान बांधायचे हूकही असतात, त्यात टेदर अडकवायचा नाही.

आयसोफिक्स नसेल तर गाडीच्या बेल्टनेही सीट बसते. सीटवर ज्या मार्गाने बेल्ट न्यायचा ती खूण केलेली असते. बेल्टला पीळ पडू द्यायचा नाही, आणि गुडघ्याने सीट दाबून ढिलाई काढायची. मात्र बेल्ट आणि आयसोफिक्स दोन्ही एकदम लावलं म्हणजे दुप्पट सुरक्षा, असं नाही. सीटच्या पुस्तकात तसं सांगितलं असेल तरच लावायचं. शेवटी बेल्ट किंवा कड्या जिथे आहेत तिथे सीट धरून डावी-उजवीकडे हलवायची. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवायची.

सगळ्यात जास्त प्रश्न आला तो तोंड कुठे, याचा. आईला वाटतं, मागे तोंड करून बसवलं तर बाळाला रस्ता दिसत नाही, पाय अवघडतात. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने खूप जड असतं आणि मानेचे मणके अजून पुरते कडक झालेले नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड केलेल्या मुलाचं धड पट्ट्यांनी रोखलं जातं, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर तोच जोर पाठ, मान आणि डोकं मिळून सीटच्या पाठीवर झेलतात. पाय मांडी घालून बसतात, मुलांना त्याचं काही वाटत नाही. युरोपातल्या आर१२९ नियमाच्या सीटमध्ये १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. स्वीडनमध्ये लोक ४ वर्षांपर्यंतही तसंच बसवतात. भाच्याचे १५ महिने उलटून गेलेत, तरी मी भावाला हेच सांगितलं की सीटची वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत तोंड फिरवू नकोस.

पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत, पुढे तोंड असताना पातळीवर किंवा किंचित वरून. आवळल्यावर खांद्यापाशी पट्ट्याची चिमटीत घडी धरता येता कामा नये. इथल्या थंडीत जाड जॅकेट काढून मगच पट्टे लावतात, कारण धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टे सैल होतात. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी जाडजूड स्वेटरचंही तेच. आधी पट्टे, वरून शाल. उन्हाळ्यात गाडी उन्हात असेल तर बकल आधी हाताने तपासा, चटका बसतो.

बाबांचं म्हणणं वेगळंच. "तुम्हाला दोघांना चेतकवर पुढे उभं करून नेलं, काय झालं?" त्यांच्या प्रेमाबद्दल शंकाच नाही. पण तेव्हाचा वेग आणि गर्दी वेगळी होती. नवले पुलाच्या उतारावर आज ब्रेक निकामी झालेले ट्रक येतात, आणि एक्स्प्रेसवेवर मर्यादाच ताशी १०० किलोमीटर आहे. मी त्यांना हिशोब करून दाखवला: गाडी ताशी ५० च्या वेगात असताना सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १२ किलोच्या मुलाचा पुढे ओढा सरासरी १७० किलोचा होतो. तीन पोती तांदळाएवढा. आईच्या मांडीवरून एवढा ओढा कुणीच धरून ठेवू शकत नाही. ते गप्प झाले, आणि नंतर स्वतःच विचारलं, सीट मिळते कुठे.

कायदाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा मुलांच्या सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे. खरेदी करताना सीटवर मुलांच्या सीटच्या युरोपीय नियमांचा, म्हणजे आर४४/०४ किंवा आर१२९ चा, नारिंगी शिक्का शोधा. कुणाची वापरलेली सीट घ्यायची असेल, तर ती अपघातातून गेलेली नाही हे खात्रीने माहीत असल्याशिवाय घेऊ नका. नवी गाडी घेताय? ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीत मुलांच्या सुरक्षेचे वेगळे गुण असतात, ४९ पैकी. विक्रेता प्रौढांचे तारे दाखवेल, तुम्ही हे गुण विचारा.

आम्ही आता पुण्याला येणार, तेव्हा भावाच्या गाडीत दोन सीट लागतील, कडेच्या दोन्ही जागांवर. आईला नातवंडांच्या मध्ये बसायचं आहे. भावाने टेप लावून मोजलं: मधे जेमतेम जागा उरते, आणि तिथला बेल्ट तिला लावताच येणार नाही. म्हणून आई पुढे बसेल, आणि सगळ्यांना एकत्र सिंहगडाला जायचं झालं तर दोन गाड्या काढायच्या असं ठरलंय.