किल्ली कुणाकडे असते?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मी दक्षिण ऑरेगनमधल्या एका छोट्या शहराच्या प्लॅनिंग खात्यात काम करते. नाशिकला आर्किटेक्चर केलं, मग इकडे येऊन प्लॅनिंगमध्ये मास्टर्स, आणि आता दहा वर्षं होतील या नोकरीला. कुणाला काही बांधायचं असलं की नकाशे आमच्याकडे येतात, आम्ही ते शहराच्या नियमांशी कलमाकलमाने ताडून बघतो, स्टाफ रिपोर्ट लिहितो आणि प्रकरण मोठं असेल तर प्लॅनिंग कमिशनपुढे मांडतो. कमिशन म्हणजे गावातलीच सात माणसं, बिनपगारी, दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी सहाला येऊन बसणारी. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

तर प्रकरण असं होतं. गावाच्या कडेला पेअरची जुनी बाग, अकरा एकर, झाडं काढून टाकलेली. तिथे एका डेव्हलपरला ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी मॅन्युफॅक्चर्ड होम्सची वस्ती करायची होती, ६८ घरांची.

मॅन्युफॅक्चर्ड होम म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर गाडीच्या मागे ओढायचा पत्र्याचा डबा येतो, माझ्याही यायचा. पण तसं नाहीये. घर फॅक्टरीत पोलादी सांगाड्यावर पूर्ण बांधतात, किचनच्या कपाटांसकट, आणि ट्रकवरून जागेवर आणतात. मोठं असेल तर दोन अर्ध्या भागांत येतं आणि जागेवर जोडतात, त्या जोडाच्या रेषेला इथे चक्क मॅरेज लाइन म्हणतात. १५ जून १९७६ पासून याला केंद्र सरकारचा स्वतंत्र कोड आहे आणि प्रत्येक भागाच्या बाहेरच्या भिंतीवर एक छोटी लाल धातूची पट्टी ठोकलेली असते, ती असली की समजायचं तपासणी झालीय. एकदा जागेवर बसवलं की बहुतेक घरं परत कधीच हलत नाहीत, हलवायचा खर्चच इतका असतो की म्हातारं माणूस तो करू शकत नाही. आणि खरी गोम इथेच आहे. घर तुमचं, पण खालची जमीन पार्कच्या, म्हणजे अशा वस्तीच्या, मालकाची, तिचं दर महिन्याला भाडं. भाडेपट्ट्याच्या जमिनीवर घर असलेल्या माणसाला जी धाकधूक असते ना, तीच ही. तरीही लोक येतात कारण पेन्शनवर जगणाऱ्याला स्वतःचं दार, स्वतःचं अंगण आणि शेजार परवडेल अशी दुसरी जागा राहिलेलीच नाही.

मी या अर्जावर चार महिने काम केलं. पाणी, ड्रेनेज, रस्त्यांची रुंदी, दोन घरांमधलं अंतर, पावसाचं पाणी कुठे जाणार, सगळं. रिपोर्ट ४१ पानी झाला आणि शिफारस होती की अटींसह मंजूर करा. मला तो प्रकल्प हवा होता, हे सरळच सांगते. आमच्या गावात वेटिंग लिस्टवर असलेली म्हातारी माणसं काउंटरवर येऊन विचारून जायची, नवीन काही होतंय का हो. म्हणून असेल, पण मी नियमाने मागितलंय ते सगळं आहे ना एवढंच बघत गेले.

हिअरिंगच्या दिवशी हॉल भरला. आजूबाजूच्या घरमालकांना नोटिसा गेल्या होत्याच, त्यांनी पुढच्या गल्लीतल्यांनाही आणलेलं. सुरुवातीला चेअर, म्हणजे कमिशनच्या अध्यक्षा, कायद्याने सांगायचं ते वाचून दाखवतात, म्हणजे जे बोलायचं ते नियमातल्या निकषांना धरून बोला, मुद्दा इथे मांडला नाहीत तर पुढे अपिलात मांडता येणार नाही, आणि कुणी मागणी केली तर रेकॉर्ड अजून किमान सात दिवस उघडं ठेवू, म्हणजे तोवर निकाल न देता नवीन म्हणणं आणि कागदपत्रं घेत राहू. दर वेळी वाचतात आणि दर वेळी कुणी ऐकत नाही. मग माणसं उठली. ट्रॅफिक वाढेल. घरांच्या किमती पडतील. आम्हाला ट्रेलर पार्क नको. एक बाई म्हणाल्या की खिडकीतून डोंगर दिसतो तो दिसेनासा होईल, एकमजली घरांनी कसा दिसेनासा होईल ते मला कळलं नाही, पण त्यांना खरंच भीती वाटत होती हे चेहऱ्यावर दिसत होतं.

ट्रॅफिकचं मी उत्तर दिलं. आम्ही ज्या पुस्तकातले आकडे धरतो त्यात साध्या एका घराच्या दिवसाला साधारण साडेनऊ फेऱ्या धरतात, ज्येष्ठांच्या सुट्या घराच्या साधारण सव्वाचार, म्हणजे ६८ घरांच्या तीनशेच्या आत. याच जागेवर नेहमीची घरं आली असती तर दुपटीपेक्षा जास्त झाल्या असत्या. एकाने विचारलं, ज्येष्ठांसाठी म्हणता पण उद्या कुणालाही देतील. तर त्याला १९९५ चा कायदा आहे, निदान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ किंवा त्याहून जास्त वयाचं पाहिजे आणि तसे पुरावे ठेवावे लागतात. भाड्याबद्दलही एका आजोबांनी विचारलं, माझं घर मी विकत घेतलं आणि जमिनीचं भाडं दर वर्षी वाढतंय, इथे तसं होणार नाही याची खात्री कोण देणार. त्यांना मला सांगावं लागलं की भाडं हा शहराच्या निकषांत येत नाही, त्याला राज्याचा वेगळा कायदा आहे. ते हळूच खाली बसले. ते बसणं मला अजून दिसतं.

साडेआठच्या सुमारास एक आजी आल्या. वॉकर घेऊन, हळूहळू, माइकपर्यंत यायलाच मिनिट गेलं. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात पण माझ्या मनात त्या आजीच. मला वाटलं बाजूने बोलतील किंवा विरोधात. त्यांनी भिंतीवर लावलेल्या नकाशाकडे बोट केलं, खालच्या कोपऱ्यात, जिथे वस्तीचा मागचा रस्ता एका अरुंद लेनला मिळतो आणि तिथे एक छोटी आडवी रेघ आहे, गेट. आणि विचारलं, "त्या गेटची किल्ली कुणाकडे असते?"

कुणी काही बोललं नाही. इथे जरा समजावून सांगते. आगीच्या कोडमध्ये आहे की ३० पेक्षा जास्त घरं असतील तर बंब आत यायला दोन वेगवेगळे रस्ते हवेत. पुढचा एक होता. दुसरा मागच्या लेनवर, पण लेनवरच्या लोकांना रोजची वर्दळ नको होती म्हणून तो फक्त आणीबाणीसाठी, आणि त्याला गेट, कुलूप. कोडची रुंदी होती, चढ १० टक्क्यांच्या आत होता, खडीचा रस्ता ७५ हजार पौंड वजनाचा बंब पेलेल असा होता. मी रिपोर्टात एक ओळ लिहिली होती, निकष पूर्ण.

फायर मार्शलनी, म्हणजे आगीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, सांगितलं, किल्ली फायर डिपार्टमेंटकडे असते, प्रत्येक बंबात.

आजी म्हणाल्या, "म्हणजे बंब आत येऊ शकतो. मी बाहेर कशी जाणार?"

मग त्यांनी सांगितलं. ८ सप्टेंबर २०२०. इथल्या माणसाला नुसती तारीख सांगितली तरी कळतं. सकाळी ॲशलंडच्या उत्तर टोकाला गवत पेटलं, वारा सोसाट्याचा, आणि बेअर क्रीकच्या काठाकाठाने आग टॅलेंट गावातून फिनिक्स गावाकडे धावत गेली. आल्मेडा फायर. एका दिवसात दोन हजारांहून जास्त घरं गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त अशीच पार्कांमधली होती, बरीचशी म्हाताऱ्यांची आणि बागांमध्ये राबणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांची. आजींचं घर त्यातलंच एक. त्या म्हणाल्या, वीज गेलेली, पुढचा रस्ता गाड्यांनी भरलेला, पुढे हायवे तुंबलेला, आणि माझी गाडी पार्कच्या मागच्या बाजूला. मागे गेट होतं. आम्ही नऊ जण त्या गेटपाशी उभे होतो. धूर दिसत होता. कुलूप होतं. शेवटी शेजारच्या मुलाने पिकअप ट्रकने गेट पाडलं. तो मुलगा त्या दिवशी कामावर गेला असता तर मी आज इथे नसते.

बोलायची तीन मिनिटं संपल्याचा दिवा लागला, चेअरनी तो बंद केला आणि म्हणाल्या, बोला तुम्ही. पण आजींचं बोलून झालं होतं.

मग चेअर माझ्याकडे वळल्या, स्टाफचं काय म्हणणं. मला खरं तेच सांगायचं होतं आणि खरं हे होतं की नियम पूर्ण होतो. ऑरेगनमध्ये घरांच्या प्रकल्पाला स्पष्ट, मोजता येतील असेच नियम लावता येतात, आम्हाला वाटलं म्हणून अट घालता येत नाही, आणि तो कायदा चांगला आहे कारण नाहीतर "आम्हाला ही माणसं शेजारी नकोत" हे कुणीही सुंदर शब्दांत गुंडाळून सांगेल. पण त्या क्षणी ते वाक्य माझ्या तोंडून निघताना घसा कोरडा पडला. चार महिने मी तो नकाशा बघत होते आणि प्रत्येक वेळी मी बाहेरून आत येत होते. बंबात बसून. आतून बाहेर एकदाही निघाले नव्हते.

एका कमिशनरने आजींना आठवण करून दिली की सुरुवातीला वाचलं तसं तुम्हाला रेकॉर्ड उघडं ठेवायची मागणी करता येते. आजी म्हणाल्या, मग मी मागते.

सात दिवस मिळाले.

दहाला पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि बाबांना फोन लावला, तिकडे सकाळचे साडेदहा. विचारलं, आपल्या सोसायटीच्या मागच्या गेटला कुलूप असतं का हो? म्हणाले, असतं, का गं? किल्ली कुणाकडे? वॉचमनकडे. आणि वॉचमन रात्री कुठे झोपतो? जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, पुढच्या गेटवर. मग म्हणाले, बघतो मी आज. रात्री घरी जाऊन मी पॅरडाइज गावातल्या आगीबद्दल परत वाचत बसले, कॅलिफोर्नियातली, २०१८ ची, ८५ माणसं गेली त्यात आणि बहुतेक म्हातारी. आधीही वाचलं होतं. पण तेव्हा ते बातमी म्हणून वाचलं होतं.

तिसऱ्या दिवशी जागेवर गेलो, मी, फायर मार्शल, डेव्हलपरचा इंजिनिअर, आणि आजींना मी फोन करून बोलावलं होतं. कमिशनरना अशा वेळी बाहेर कुणाशी बोलता येत नाही पण आम्हा स्टाफला येतं, फक्त काय बोलणं झालं ते लिहून रेकॉर्डला लावावं लागतं, ते मी लावलं. मागच्या रस्त्याचा थोडा तुकडा बागेच्या काळापासूनच खडीचा होता. आजी वॉकर घेऊन त्यावर चढल्या आणि चौथ्या पावलाला पुढची चाकं रुतली. ७५ हजार पौंड पेलणारी खडी, आणि त्यावरून वॉकर जात नाही. इंजिनिअरने ते बघितलं, काही बोलला नाही, खिशातून वही काढली.

मग तासभर तिथेच उभं राहून बोलणं झालं, आणि इतक्या वर्षांतलं सगळ्यात उपयोगी बोलणं तेच. विजेवर चालणारं गेट नको कारण आगीत वीज आधी जाते. कुलूप बाहेरच्या बाजूने राहू दे पण आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, रुग्णालयाच्या दाराला असतो तसा दांडा. गोल मूठ नको, आजी म्हणाल्या, संधिवात झालेल्या हाताने गोल मूठ फिरत नाही. लेनवरच्या लोकांना शॉर्टकटची भीती आहे तर गेट उघडलं की बॅटरीवरचा भोंगा वाजू दे, रोज कुणी भोंगा वाजवत दूध आणायला जाणार नाही. गेटपर्यंत खडीच्या बाजूने पाच फुटी काँक्रीटची पट्टी, कारण सगळ्यांकडे गाडी असेलच असं नाही. आणि रात्री दिसेल असा बोर्ड, आतल्या बाजूने. सगळे बोर्ड बाहेरच्या बाजूने होते!

यातलं काहीही मी अट म्हणून लादू शकत नव्हते. इंजिनिअरने पाचव्या दिवशी नवीन नकाशा आणि पत्र पाठवलं, अर्जदार स्वतःहून हे बदल करतोय आणि ते अटींत लिहायला त्याची हरकत नाही. मी पुरवणी रिपोर्ट लिहिला. त्या गेटवर यावेळी दीड पान लिहिलं.

कमिशनने सहा विरुद्ध एक मताने मंजुरी दिली. विरोधातलं एक मत पुढच्या चौकातल्या वळणावरून होतं, त्यात मलाही थोडं तथ्य वाटतं. अपील कुणी केलं नाही. लेनवरचे एक गृहस्थ जे पहिल्या दिवशी सगळ्यात जोरात बोलले होते ते दुसऱ्या सुनावणीला येऊन म्हणाले की आमच्या बाजूची झुडपं आम्ही साफ ठेवू, म्हणजे गेट उघडल्यावर समोर रस्ता मोकळा राहील. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांचा फोटो आलेला दरम्यान, व्हॉट्सॲपवर. मागच्या गेटच्या आतल्या बाजूला काचेची छोटी पेटी, त्यात किल्ली. खाली कुणीतरी मार्करने लिहिलंय, आग लागल्यास काच फोडा.

यंदा मार्चमध्ये मागच्या गेटच्या तपासणीला गेले. पुढच्या बाजूला पहिली चार घरं येऊन बसली होती, एकाची मॅरेज लाइन अजून जोडायची होती, प्लास्टिक वाऱ्यावर फडफडत होतं. आजींनी तिथे जागेसाठी नाव लावलंय, मी त्यांना कळवलं होतं, त्या आल्या. काँक्रीटवरून वॉकर सरळ गेला. दांडा घट्ट होता, त्यांनी दोनदा दाबला, हलला नाही. काँट्रॅक्टर म्हणाला नवीन आहे, वापरून सैल होईल. मी म्हटलं, तो वापरायची वेळ रोज येणार नाहीये, आत्ताच सैल करा. त्याने स्प्रिंग बदलली, वीस मिनिटं लागली, आम्ही उन्हात थांबलो. मग आजींनी एका हाताने वॉकर धरला आणि दुसऱ्याने दांडा खाली दाबला. भोंगा वाजायला लागला आणि मी फॉर्मवर सही केली.