ढीग तापला! काटा ६१ अंशांवर

आज सकाळी कंपोस्ट खताच्या ढिगात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा ६१ वर! तोही सांगलीत, ऐन पावसाळ्यात आणि नुसत्या घरच्या कचऱ्यावर. आजवर चाळिशी ओलांडून तो कसा अडून बसायचा, ते तुम्हा मंडळींना ठाऊकच आहे. ढीग न तापता झालेल्या थंड खतावरही भाजी येते, नाही असं नाही. पण टोमॅटो-भोपळ्याचं बी त्यात मरत नाही आणि मेथीच्या वाफ्यात टोमॅटोचं रान माजतं. बी आणि रोगजंतू मारायला ५५ च्या वर किमान ३ दिवस सलग हवेत.

घोडं अडलं होतं सुक्या मालापाशी. सीएन, म्हणजे मालातलं कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण, ३० च्या आसपास, हे गणित कागदावर बसतं. पावसाळी हवेत मात्र सुकं म्हणून घातलेलंच भिजून दबतं. अख्खं पाचट घातलं की पात्याला पातं चिकटतं, आत वारा खेळत नाही आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी पितं, पण ढिगाला पोकळी देत नाही. कोकोपीटच्या विटांचे दर बघता त्या रोपांच्या ट्रेपुरत्याच ठेवाव्यात. लाकडाचा भुसा तर कुजता कुजत नाही.

शेवटी कामी आली ती रसवंतीची चिपाडं. उन्हाळ्यात वाळवून पोत्यांत भरून ठेवली होती, ती शेजारच्या मामांच्या कडबाकुट्टीतून काढली. "बारीक करू का, ताई?" मामांनी विचारलं. म्हटलं, नको, बोटाच्या पेराएवढीच राहू द्या. उसाची साल कडक, ती दबत नाही, म्हणून मध्ये हवा राहते. आतला भुसभुशीत भाग ओल धरतो आणि उरलीसुरली साखर जंतूंना लगेच मिळते.

दुसरं म्हणजे रोज थोडंथोडं टाकणं बंद केलं. तशी ऊब धरतच नाही. ओला कचरा झाकणाच्या बादल्यांत चिपाडाच्या चुऱ्यात साठवला आणि ३ फूट लांब, रुंद, उंच असा ढीग एकदमच रचला. मध्ये शेण आणि जुनं खत. कल्चरच्या, म्हणजे कुजवणाऱ्या जंतूंच्या, पुड्यांवर पैसे घालू नका, घमेलंभर जुनं खत तेच काम करतं. वर ताडपत्री, बाजू उघड्या. मूठभर घेऊन पिळलं तर बोटांतून जेमतेम थेंब येतो. ओल नेमकी हवी तशी!

कडा अजून ३८ वरच आहेत. काटा ५० च्या खाली आला की पलटणी, कडेचं आत. मग महिनाभर मुरवून वांग्यांना.

लिहिता लिहिता सुचलं, उरलेली चिपाडं आता वापरायचीच नाहीत, गणपतीच्या ढिगासाठी राखायची. गणपतीत गल्लीतलं निर्माल्य घ्यायचं, दोरे आणि प्लॅस्टिकच्या झालरी काढून. दूर्वा म्हणजे हरळीच. थंड ढिगात ती मुळं धरते, म्हणून आजवर मी निर्माल्याला हात लावला नव्हता. तापलेल्या ढिगात ती टिकणार नाही. पण त्याला आणखी चिपाडं लागतील आणि इथली रसवंती पावसाळाभर बंद. मिरज-कुपवाडकडे कुणाकडे सुकी पडून असतील तर कळवा, पोती घेऊन येते.